चित्राची डागडुजी

धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व भागात, उमरगा आणि लोहारा या तालुक्यांतून प्रवास करू लागलो म्हणजे एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधते. कित्येक गावांतील घरे सरळ रेषेत, एका मापाने बांधलेली दिसतात. जुन्या गावांत असतात तसे वाकडेतिकडे बोळ तेथे नाहीत, आणि माळवदाची घरेही फारशी नाहीत. ही गावे नवी आहेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास येथील भूमी हादरली. त्या वेळी या जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद असे होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक दमून निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरे निजलेल्या माणसांवर कोसळली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि या जिल्ह्यातील सास्तूर ही नावे त्या दिवशी साऱ्या देशाला ठाऊक झाली. हजारो माणसे गेली.

पडलेली घरे पुढे पुन्हा बांधता आली. भांडीकुंडी, कपडेलत्ते, गुरेढोरे हीही कालांतराने पुन्हा मिळाली. परंतु भिंतींवर टांगलेली आणि पेट्यांतून जपलेली छायाचित्रे जी गेली, ती गेलीच.

अशाच एका गावातील एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणा. घरात सातवीत शिकणारी एक मुलगी आहे आणि तिचे आजोबा आहेत. त्यांना ती आबा म्हणते. आबांच्या पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या कागदांखाली, एक लहानसे काळे-पांढरे छायाचित्र आहे. ते आबांच्या आईचे, म्हणजे मुलीच्या पणजीचे. भूकंपानंतर चौथ्या दिवशी ते ढिगाऱ्यात सापडले. पणजी त्या रात्रीच गेली होती. तिचे दुसरे चित्र जगात कोठेही नाही.

त्या छायाचित्राची अवस्था मोठी केविलवाणी आहे. मधोमध घडी पडून तेथील थर खपलीसारखा उडाला आहे, आणि ही घडी नेमकी पणजीच्या डाव्या डोळ्यावरून गेली आहे. ओल लागून एका कोपऱ्यात डाग पसरला आहे. सारे चित्र विटले आहे. तरीही डोईवरून घेतलेला लुगड्याचा पदर, नाकातली नथ, कपाळावरचे आणि हनुवटीवरचे गोंदण एवढे नीट ओळखू येते.

मुलगी शाळेत संगणक शिकते. ती म्हणाली, “आबा, मी हे नीट करून देते.” आबांनी छायाचित्र तिच्या हातावर ठेवले आणि एवढेच म्हटले, “जपून हं पोरी. हे एकच आहे.”

आता हे काम तिने कसे करावे?

पहिली गोष्ट अशी, की मूळ छायाचित्राला हात लावावयाचा नाही. ओल्या फडक्याने पुसणे, फाटले तेथे चिकटपट्टी लावणे, हे उपाय घरोघर होतात आणि त्यांनी चित्राची उरलीसुरली हानी होते. कोरड्या मऊ कुंचल्याने वरची धूळ अलगद झटकावी आणि यंत्राने त्याची प्रत घ्यावी. हे यंत्र म्हणजे स्कॅनर. तो जवळ नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्यानेही काम भागते. मात्र चित्र सपाट ठेवून, फ्लॅश न लावता, खिडकीजवळच्या सौम्य उजेडात, कॅमेरा चित्राच्या अगदी समोर धरून प्रत घेतली पाहिजे. तिरकस धरला तर पणजीचा चेहरा एका अंगाने लांबट होईल.

प्रत घेताना यंत्र काय करते, हे समजले म्हणजे पुढचे सारे सोपे जाते. अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढताना आपण प्रथम ठिपके मांडतो. स्कॅनर चित्राचे असेच ठिपके पाडतो, आणि प्रत्येक ठिपका किती काळा किंवा किती उजळ आहे ते एका आकड्याने लिहून ठेवतो. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. अगदी काळ्या ठिपक्याला ०, अगदी पांढऱ्याला २५५, आणि मधल्या करड्या छटांना मधले आकडे, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. रंगीत चित्र असेल तर प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लागतात. पणजीचे छायाचित्र दोन इंच रुंद आणि तीन इंच उंच आहे असे धरू. एका इंचात ६०० ठिपके याप्रमाणे त्याची प्रत घेतली, तर रुंदीत १,२०० आणि उंचीत १,८०० मिळून २१,६०,००० ठिपके होतात. संगणकाला डोळे नाहीत. त्याच्या दृष्टीने पणजी म्हणजे एकवीस लाख साठ हजार आकड्यांची एक यादी आहे.

छायाचित्राचे असे आकडे पाडण्याचा पहिला प्रयोग १९५७ साली अमेरिकेत झाला. रसेल कर्श नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका फिरत्या नळकांड्यावर छायाचित्र गुंडाळून त्याची प्रत संगणकात घेतली. ते चित्र पाच सेंटिमीटर लांबीरुंदीचे होते आणि त्याचे उभे-आडवे १७६ ठिपके पडले, म्हणजे एकंदर ३०,९७६. मौज अशी, की त्या कामासाठी कर्शने निवडलेले चित्र कोणा थोर पुरुषाचे नव्हते. ते त्याच्या तीन महिन्यांच्या मुलाचे होते.

चित्र म्हणजे आकडे, हे एकदा ध्यानात आले की त्यात काय करता येते आणि काय करता येत नाही, तेही उमगते. याच जिल्ह्यातील नळदुर्गचा किल्ला कित्येकांनी सहलीत पाहिला असेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात तेथे बोरी नदीवर धरण बांधले गेले आणि त्या धरणाच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे त्याच्यावरून कोसळतात. समजा, महालाच्या अंधाऱ्या भागात उभे राहून तुम्ही झरोक्याकडे कॅमेरा धरला. आतल्या भिंती काळोख्या येतील आणि झरोका पांढराफटक येईल. घरी येऊन संगणकात उजेड वाढवला तर काळोखातून दगड हळूहळू दिसू लागतील. कारण तेथील ठिपक्यांचे आकडे लहान असले, ८, ११, १४ असे, तरी त्यांच्यात फरक आहे आणि तो फरक वाढवता येतो. झरोक्यात मात्र सगळीकडे २५५ हाच आकडा आहे. बाहेर कोसळणारे पाणी त्या आकड्यांत उतरलेच नाही. उजेड कितीही कमी केला तरी तेथे पाणी दिसणार नाही. पांढऱ्याचे करडे होईल इतकेच. जे चित्रात दबले आहे ते वर काढता येते. जे चित्रात आलेच नाही ते कोठून काढणार?

पणजीच्या विटलेल्या छायाचित्राला पहिला उपाय यातूनच सुचतो. चांगल्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सर्व छटा असतात. विटलेल्या चित्रात सर्वांत गडद ठिपका ७० चा आणि सर्वांत उजळ ठिपका १९० चा, अशी दशा होते. म्हणून ते धुरकट दिसते. संगणकाला सांगावयाचे, की ७० ला ० समज, १९० ला २५५ समज, आणि मधले आकडे त्या प्रमाणात ताणून घे. मग १३० चा ठिपका साधारण मध्यावर, म्हणजे १२७ च्या आसपास जाऊन बसतो. ही साधी त्रैराशिकाची क्रिया आहे. ती होताच चित्रावरचे धुके ओसरल्यासारखे वाटते. पदराच्या चुण्या दिसू लागतात, गोंदणाचे ठिपके एकेक मोजता येतात. येथे संगणकाने पदरचे काहीही घातलेले नाही.

चित्रात हात घालण्याची विद्या संगणकाबरोबर जन्माला आली, असे मात्र समजू नका. एकोणिसाव्या शतकात छायाचित्र काचेच्या तावदानावर उमटवीत. त्यावर उजेडाच्या जागी काळे आणि सावलीच्या जागी पारदर्शक, असे उलटे चित्र येई. चेहऱ्यावरचा व्रण किंवा सुरकुती अशा उलट्या चित्रात पारदर्शक रेघेसारखी दिसे. कसबी कारागीर बारीक टोकाच्या शिसपेन्सिलीने ती रेघ भरून काढी. मग कागदावर चित्र छापले की सुरकुती नाहीशी झालेली असे. त्या काळी हा जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता, आणि सहाव्या निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळ हे नामांकित छायाचित्रकार होते. त्यांनी घेतलेल्या चित्रांची अडीच हजारांहून अधिक काचेची तावदाने आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जतन केलेली आहेत. गावोगावच्या स्टुडिओंतून पुढेही पुष्कळ वर्षे कारागीर हातात कुंचला घेऊन काळ्या-पांढऱ्या चित्रांना रंग देत. ओठ जरा जास्त लाल करीत, अंगावर नसलेला दागिनाही क्वचित घालून देत. गिऱ्हाईक खूष होई.

संगणकावर हे काम करणाऱ्या साधनांत फोटोशॉपचे नाव अग्रभागी आहे. १९८७ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात थॉमस नॉल हा विद्यार्थी संशोधन करीत होता. त्याच्या संगणकाच्या पडद्यावर ठिपका एकतर काळा दिसे किंवा पांढरा. करडा दिसत नसे. करड्या छटांचा भास निर्माण करण्यासाठी त्याने एक छोटी आज्ञावली लिहिली. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांतील करामतींचे काम करणाऱ्या संस्थेत होता. त्याला ती आवडली, दोघांनी मिळून ती वाढवली, आणि १९९० साली ॲडोबी या कंपनीने ती फोटोशॉप या नावाने बाजारात आणली. फोटोशॉपसाठी पैसे मोजावे लागतात. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी गिम्प नावाचे साधन आहे. १९९५ मध्ये बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी ते लिहावयास घेतले. ते विनामूल्य मिळते, आणि शाळेतल्या साध्या संगणकावरही चालते. शिकाऊ हाताला लागणारे जवळजवळ सारे काही त्यात आहे.

यांतील तीन गोष्टी शिकून घेतल्या तर पणजीच्या चित्राचे बरेचसे काम होते. पहिली गोष्ट लेयर, म्हणजे थर. मूळ प्रतीवर जणू एक पारदर्शक कागद पसरावा आणि सारी दुरुस्ती त्या कागदावर करावी. चुकले तर तो कागद काढून टाकता येतो. खालचे चित्र जसेच्या तसे राहते. दुसरे साधन म्हणजे शिक्का, ज्याला क्लोन म्हणतात. जेथे चित्र चांगले आहे तेथील ठिपके उचलून तो फाटक्या जागी ठेवतो. पणजीच्या मागे एक साधी भिंत आहे. तिच्यावरून गेलेली घडीची पांढरी रेघ शेजारच्याच भिंतीचे ठिपके ठेवून बुजवता येते. घराच्या गिलाव्याचा पोपडा उडाला की आपण त्याच मातीचे लिंपण करतो, तसेच हे आहे. तिसरे साधन हीलिंग ब्रश. हाही ठिपके उचलतो, पण नव्या जागेच्या छटेशी त्यांचा मेळ घालतो. म्हणून सावली क्रमाने गडद होत जाते अशा ठिकाणी तो अधिक उपयोगी पडतो.

ही साधने हातात बसण्यास वेळ लागतो. प्रथम सगळ्यांच्याच हातून शिक्क्याचे ठसे दिसून येतात. भिंतीवरचा एकच डाग चार ठिकाणी उमटतो आणि पाहणाऱ्याला हसू येते. ब्रश मोठा घेतला की काम भरभर होते आणि वाईट होते. आणखी एक गोष्ट नवशिक्यांना फार उशिरा कळते. जेपेग नावाच्या पद्धतीने चित्र साठवले, तर जागा वाचवण्यासाठी संगणक त्यातील बारकावे थोडे थोडे गाळतो. आणि चित्र बदलून पुन्हा साठवावे तितक्या वेळा पुन्हा गाळतो. म्हणून काम चालू असेतो ते टिफ किंवा पीएनजी पद्धतीने साठवावे.

आमच्या मुलीने हे सगळे केले. तीन रविवार गेले. भिंत स्वच्छ झाली, कोपऱ्यातला डाग गेला, लुगड्यावरची भेग दिसेनाशी झाली. उरला तो डावा डोळा. घडीबरोबर तेथील थरच उडून गेला होता. भिंतीच्या शेजारी भिंत होती, लुगड्याच्या शेजारी लुगडे होते. परंतु डोळ्याच्या शेजारी दुसरा तसा डोळा कोठून आणावा?

तेव्हा तिच्या वर्गातील एका मित्राने सांगितले, “तू उगाच त्रास घेतेस. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने निघाली आहेत. चित्र द्यायचे आणि बटण दाबायचे.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. अशी साधने निघाली आहेत आणि ती पाहून मन थक्क होते. ती कशी चालतात ते पाहू. लाखो-कोट्यवधी छायाचित्रे संगणकाला दाखवतात. चांगल्या चित्राचा काही भाग मुद्दाम झाकावयाचा, बिघडवावयाचा, आणि संगणकाला विचारावयाचे, ‘येथे काय असावे?’ त्याचे उत्तर मूळ चित्राशी ताडून पाहावयाचे आणि चुकेल तितक्या प्रमाणात त्याची आतली गणिते सुधारावयाची. असे असंख्य वेळा केले म्हणजे डोळा कसा असतो, केस कसे असतात, गालावर सावली कशी पडते, याचा त्याला अंदाज बांधता येऊ लागतो. २०२३ पासून फोटोशॉपमध्येही असे साधन आले आहे. रिकामी जागा दाखवून तेथे काय हवे ते शब्दांत सांगितले, की ते चित्र भरून देते.

‘अंदाज’ या शब्दापाशी जरा थांबू या. त्यासाठी थोडा वेळ तेरला जाऊ. याच जिल्ह्यातले हे गाव म्हणजे प्राचीन काळचे तगर नगर होय. संत गोरा कुंभारांचे गावही हेच. तेथील संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या वस्तू ठेवलेल्या आहेत. उत्खननात मडके अखंड क्वचितच सापडते, खापरे सापडतात. जाणकार माणसे ती खापरे जुळवून मडके उभे करतात, आणि जेथे खापर मिळत नाही तेथे काय करतात? मडके उभे राहावे म्हणून ती जागा भरतात, परंतु ती साध्या, वेगळ्या दिसणाऱ्या लेपाने भरतात. त्यावर जुन्यासारखी नक्षी काढीत नाहीत. नक्षी काढणे त्यांना जमत नाही असे नाही. पण मग पाहणाऱ्याला दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराचा हात कोणता आणि आजच्या माणसाचा कोणता, हे कळणार नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता नेमकी ही नक्षी काढते, आणि इतकी हुबेहूब काढते की जोड सापडत नाही. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी ‘पल्स’ नावाचे एक साधन तयार केले. उभे-आडवे केवळ १६ ठिपके, म्हणजे एकंदर २५६ ठिपके असलेला अस्पष्ट चेहरा त्याला द्यावयाचा. ते त्यापासून उभ्या-आडव्या १,०२४ ठिपक्यांचा रेखीव चेहरा करून देई. हिशेब करून पाहा: एका ठिपक्याच्या जागी ४,०९६ ठिपके! हे साधन कोणाची ओळख पटवण्यासाठी नाही, ते जगात नसलेले पण खरे वाटणारे चेहरे बनवते, असे संशोधकांनी स्वतःच सांगितले होते. तरी लोकांनी त्याला ओळखीची चित्रे देऊन पाहिलीच. कोणीतरी अमेरिकेचे माजी अध्यक्ष बराक ओबामा यांचे छायाचित्र अस्पष्ट करून दिले. ओबामा यांचे वडील आफ्रिकेतील केनियाचे. ओबामांचा वर्ण सावळा. यंत्राने जो चेहरा काढला तो एका गोऱ्या माणसाचा होता. त्या गोष्टीवरून पुष्कळ वादविवाद झाला. यंत्राच्या शिक्षणासाठी वापरलेल्या चित्रांत गोऱ्या माणसांचे चेहरे फार होते, हे त्याचे एक मोठे कारण जाणकारांनी दाखवून दिले. यंत्राने द्वेषाने काही केले नाही. त्याने पुष्कळदा जे पाहिले होते तेच येथेही असावे असे धरले.

आता आपल्या मुलीकडे परत येऊ. वडिलांना विचारून तिने दुरुस्तीची एक प्रत अशा साधनाला दिली. विचारणे अवश्य होते. कारण ही साधने बहुधा आपल्या संगणकात नसतात, चित्र दूर कोणाच्या तरी संगणकाकडे जाते आणि तेथे त्याचे पुढे काय होते ते आपल्या हाती राहत नाही. पुष्कळ साधनांच्या नियमांप्रमाणे लहान मुलांना ती स्वतःच्या नावाने वापरताही येत नाहीत.

अर्ध्या मिनिटात चित्र तयार झाले. दोन्ही डोळे चकचकीत, कातडी मऊ, ओठ रेखीव. घरातील सगळे भोवती गोळा झाले आणि छान, छान म्हणू लागले. आबांनी चष्मा पुसून चित्र जवळ घेतले, दूर धरले, पुन्हा जवळ घेतले.

“बाई देखणी आहे,” ते म्हणाले. “कोण आहे ही?”

मुलीने मूळ छायाचित्र शेजारी ठेवले आणि एकेक जागा ताडून पाहू लागली. कपाळावरचे गोंदण नाहीसे झाले होते. हनुवटीवरचे तीन ठिपके गेले होते. यंत्राने ते कागदावरचे डाग समजून पुसून टाकले होते. धूळ पुसण्यास त्याला सांगितलेच होते. गोंदण आणि धूळ यांतला भेद त्याला कोणी सांगितला नव्हता. सुरकुत्याही निम्म्या कमी झाल्या होत्या. डावा डोळा उजव्यासारखाच टपोरा होता. आणि आबा सांगत होते की आईच्या डाव्या डोळ्याची पापणी किंचित खाली आलेली असे. लहानपणी चुलीतला निखारा उडाला होता. ही गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती. चित्रात ती जागा उडाली होती, आणि यंत्राच्या कोट्यवधी चित्रांत ती असणे शक्यच नव्हते.

येथे एक शंका कोणी घेईल. यंत्राने चूक केली, पण माणसाच्या हातूनही चूक होतेच की! शिवाय स्टुडिओतले कारागीर सुरकुत्या पुशीतच होते. हे खरे आहे. फरक इतकाच, की पेन्सिलीच्या कारागिराला आपण कोठे हात लावला ते माहीत असे. येथे बटण दाबणाऱ्या माणसाला ते माहीत नसते, आणि चित्र सर्वत्र सारखेच सफाईदार असल्यामुळे पाहून ओळखताही येत नाही. म्हणून मला वाटते, की शिक्का आणि ब्रश हाताने चालवण्यास आधी शिकावे. ज्याने तीन रविवार एका चेहऱ्याचे ठिपके न्याहाळले आहेत त्याला एक ठिपका हरवला तरी चटकन कळते.

ही नवी साधने त्याज्य आहेत असा याचा अर्थ नव्हे. आमच्या मुलीनेही ती टाकली नाहीत. पणजीची आकृती भिंतीपासून वेगळी निवडून देणे हे काम हाताने करावयाचे तर तास जातो. यंत्राने ते क्षणात केले, आणि कडेला जेथे केसांची बट तुटली होती तेथे तिने स्वतः सुधारले. भिंतीच्या रिकाम्या कोपऱ्यात खूप मोठा तुकडा भरावयाचा होता. तोही यंत्राकडून भरून घेतला. भिंत ती भिंत, तिच्यात पणजी नव्हती. एखाद्या साधनाचा उपयोग कसा करावा हे कळेना, तेव्हा तिने त्याच कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीत प्रश्न विचारला आणि उत्तर मिळाल्यावर ते आधी दुसऱ्या एका निकामी चित्रावर करून पाहिले. चेहऱ्यापाशी मात्र तिने यंत्राला येऊ दिले नाही. डाव्या डोळ्याची जागा तिने सौम्य करड्या छटेने भरली, तेरच्या मडक्यासारखी; दुरून चित्र अखंड वाटावे आणि जवळून पाहिले तर कळावे की येथील काही हरवले आहे.

मग तिने तीन प्रती केल्या. पहिली स्कॅनरने दिली तशीच, काही न बदललेली. दुसरी हाताने दुरुस्त केलेली. तिसरी यंत्राने काढलेली. ती आबांना नको होती, पण धाकट्या भावाने हट्ट धरला म्हणून ठेवली, आणि तिच्या नावातच ‘यंत्राने काढलेला चेहरा’ असे लिहिले, म्हणजे पुढे पन्नास वर्षांनी कोणी तीच पणजी समजू नये. दुसऱ्या प्रतीचे चित्र छापून आणल्यावर त्याच्या पाठीवर शाईने गावाचे नाव, दुरुस्तीचे वर्ष, कोठे कोठे हात लावला ते, आणि डाव्या पापणीची हकीकतही लिहून ठेवली.

राहता राहिला रंगाचा प्रश्न. काळ्या-पांढऱ्या चित्राला रंग देणारी यंत्रेही आहेत. पण मघाचा हिशेब आठवा: काळ्या-पांढऱ्या चित्रात एका ठिपक्याला एकच आकडा असतो, रंगाला तीन लागतात. गडद तांबडे लुगडे आणि गडद हिरवे लुगडे यांची चित्रात एकच करडी छटा येऊ शकते. गणिताने एका आकड्याचे तीन होत नाहीत, आठवणीने होतात. म्हणून तिने आबांना विचारले. आबा तत्काळ म्हणाले, “हिरवे होते. इरकली. तांबड्या काठाचे.” तेवढ्यात मुरूमहून आबांच्या थोरल्या बहिणी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “हिरवे कुठले? ते तुझ्या लग्नातले. हे जांभळे. मीच आणले होते.” आबा म्हणाले, “आक्का, तुम्हाला आता आठवत नाही.” आक्का म्हणाल्या, “तुला तेव्हाही रंग कळत नव्हते.”

दोघांचा वाद चहा होईपर्यंत चालला आणि मिटला नाही. चित्र अजून काळे-पांढरेच आहे.